येते हं

सोमवार, ४ फेब्रुवारी

पोचले एकदाची! बसनं हाडं पार खिळखिळी केली, पण घाट संपला, टेकडीवरचा लोखंडी मनोरा दिसला आणि सगळा शीण उतरला. इतकी वर्षं बसस्थानकाच्या काचेच्या खोक्यात बसून दुसऱ्यांच्या गाड्या सुटल्याचं ओरडून सांगितलं. आता तोच घसा रेडिओवर. मिडियम वेव्हचं चिमुकलं केंद्र आहे, तीन खोल्या आणि एक मनोरा, पण रेडिओ तो रेडिओ!

ही वही भिंगरीनं दिली. रोज लिहीत जा, म्हणजे माझ्या कानाशी भुणभुण कमी होईल, असं वर ऐकवलंही. भिंगरी म्हणजे माझी लेक. वीस वर्षांची घोडी झाली, पण एका जागी ठरेल तर शपथ. तिचे बाबा गेल्यापासून आम्हीच दोघी एकमेकींना, आणि पहिल्यांदाच अशा वेगळ्या राहतोय. मला बसमध्ये बसवलं आणि चल, जाते मी, म्हणून वळली. बोलायला लागल्यापासून तिला शिकवतेय, निघताना जाते म्हणू नये, येते म्हणावं. बाईसाहेब मुद्दाम जाते म्हणतात आणि माझं तोंड वाकडं झालं की खिदळतात. दर रविवारी घरी येईन असं तिला कबूल करून आलेय.

फाटकातच आधीची निवेदिका भेटली, हातात बॅग, निघायच्या घाईत. मला पाहिलं आणि माझे दोन्ही हात घट्ट धरले. हसत होती की रडत होती, कळेना. तिच्या तळहातावर पेनानं काहीतरी खरडलेलं होतं. ‘जा’ एवढंच वाचता आलं. बहुधा जाडं मीठ आणायची आठवण. मी म्हटलं, अहो बसा, काम तरी समजावून द्या. तर ‘जाते हं’ म्हणाली आणि खरंच गेली, मागे वळूनसुद्धा न पाहता. घ्या! माझ्या लेकीची थोरली बहीणच म्हणायची.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

स्टुडिओ म्हणजे एक खोली. तीन भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात, चौथीत शेजारच्या खोलीकडची काच, दाराला आतून लोकरीचा जाड नमदा, टेबलावर एक मायक्रोफोन, एक फोन आणि पाण्याचा तांब्या. मायक्रोफोनमागे एक काटा असलेलं यंत्र. आपण बोललो की काटा थरथरतो, गप्प बसलो की आडवा पडतो. सगळ्यात जुनं काय असेल तर स्टूल. त्याला बसायला असा काही खड्डा पडलाय की आपण बसतो त्यापेक्षा तेच आपल्याला बसवून घेतं. खोली थंड असते म्हणून खुंटीला एक करडी शाल आहे. मागच्या अंगणापलीकडे माझी राहायची खोली. एकूण झकास!

माणसं दोनच. केंद्रप्रमुख, त्यांना सगळे साहेब म्हणतात. आणि यंत्रं सांभाळणारे मनोरेकाका. दिवसातून दोनदा मनोऱ्याभोवती फेरी मारतात म्हणून गावानं ठेवलेलं नाव. काका कामापुरतं बोलतात. साहेबांच्या तोंडाचा पट्टा मात्र बंद पडत नाही.

त्यांनी मला केंद्राचा सगळा इतिहास ऐकवला. टेकड्यांच्या पलीकडे पूर्वी दगडाची खाण होती. माणसं महिनोन्‌महिने तिकडे, घरं इकडे. जहाजावर तारा पाठवायचं काम केलेला एक गृहस्थ म्हातारपणी इथं आला. त्यानं या घरांचे निरोप खाणीवर पोचवायला हे केंद्र काढलं. बोलायला बसवली आपल्या बहिणीला. पहिल्या संध्याकाळी कार्यक्रम संपला, आणि शेवटी काय म्हणायचं ते कुणी ठरवलंच नव्हतं. बिचारी गांगरली आणि घरातून निघताना म्हणतो तसं ‘येते हं’ म्हणाली. गावाला ते इतकं आवडलं की आजपर्यंत केंद्र त्याच दोन शब्दांवर बंद होतं. खाण बंद पडली, हे चालूच आहे.

अजूनही सकाळी बासरीची धून, मग हवामान, भाजीचे भाव, हरवलं-सापडलं, दुपारी मुलांचे धडे आणि फर्माइशीची गाणी. दिवेलागणीला ‘निरोप’. गावातले लोक फोन करतात आणि त्यांचा आवाज थेट हवेवर जातो. धुनीच्या रेकॉर्डला ओरखडा आहे, बासरी एका जागी ठेच खाते. नवी आणली तर लोक भांडायला येतील म्हणे.

साहेब अभिमानानं म्हणाले की ताईनं आजवर एकदाही रजा घेतलेली नाही. कुठल्या ताईनं, असं मी विचारलं. ताईनं, म्हणाले, आणि चहा ढवळत बसले.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

बाजारात गेले तर दुकानदार मला आवाजावरून ओळखतो! परवा नाही, त्याच्याही आधी, मी ‘येते’ म्हणाले होते ते त्यानं ऐकलं होतं. मग आठवलं. साहेबांनी फोनवर एकच प्रश्न विचारला होता, येताय ना? मी म्हटलं, येते. झाली मुलाखत. तो फोन त्यांनी ‘निरोप’ चालू असताना लावला होता आणि सगळ्या गावानं माझा होकार ऐकला. आधी जरा लाजले, मग मजा वाटली. नव्या नवरीचंसुद्धा इतकं कौतुक होत नसेल.

गाव मला ताईच म्हणतं. एक आजी दारातून म्हणाल्या, ताई, तुझा आवाज इतक्या वर्षांत जराही बदलला नाही. मी म्हटलं, आजी, मी सोमवारी आलेय. त्या हसल्या, माझा गालगुच्चा घेतला आणि आत गेल्या.

एकच तक्रार. केंद्र बंद झालं की घसा पार बसतो, साधा हुंकारही निघत नाही. काका म्हणाले, सगळ्यांचं होतं.

रविवार, १० फेब्रुवारी

घरी गेले नाही. साहेब म्हणाले पहिला आठवडा आहे, ताई, गाव वाट बघतं. मलाही ‘नाही’ म्हणवेना. भिंगरीला दुपारी फोन लावला. ती हॅलो हॅलो करत राहिली. मला तिचा श्वासही ऐकू येत होता, तिला नुसती खरखर. आई तूच ना, आई बोल ना, असं म्हणत म्हणत तिनं फोन ठेवला. लाइन खराब असेल. लांबलचक पत्र लिहिलं, तिला चिडवायला चार विनोद घातले आणि पोस्टातल्या बाबूला घरी गाठून दिलं; पत्ता त्यानंच घातला, पिनकोडसकट, आणि उद्या पहिल्या बसनं धाडतो म्हणाला.

बुधवार, १३ फेब्रुवारी

एक गोष्ट लिहून ठेवते, म्हणजे डोकं ताळ्यावर राहील.

संध्याकाळी ‘येते हं’ म्हटलं, घसा बसला, की त्यापुढचं मला काही आठवत नाही. जेवल्याचं नाही, अंथरुणावर पडल्याचं नाही. डोळे उघडतात ते थेट स्टुलावर, अंगावर करडी शाल, आणि बासरी ठेच खात असते. आज दुपारी मोठी रेकॉर्ड लावून खोलीत डोकावले. उशीवर धूळ साचलीय. आल्यापासून मी त्या उशीला डोकं लावलेलं नाही.

भिंगरीचं पत्र आलं. पहिल्या ओळीपासून रागावलीय. ही काय थट्टा, म्हणते, लिफाफ्यावर पत्ता पोस्टातल्या बाबूच्या हातचा आणि आत दोन कोरे कागद. तुझी तब्येत बरी आहे ना? खाली मात्र लिहिलंय की परवा दिवेलागणीला रेडिओचं बटण फिरवताना तू सापडलीस. आवाज येत-जात होता, पण तूच. मी रेडिओला पापी दिली, हसू नकोस.

वाचताना रडू आलं. पत्र मी निळ्या शाईनं लिहिलं होतं, दाबून, दोन्ही बाजूंनी.

शनिवार, १६ फेब्रुवारी

काकांना विचारलं, दिवसा तिला ऐकू येत नाही आणि संध्याकाळी कसं येतं. यंत्राचं विचारलं म्हणून असेल, ते चक्क बोलले. दिवसा आपल्या लहरी जमिनीलगत जातात, घाटाच्या वरच्या वळणापर्यंत, की संपल्या. सूर्य बुडाला की त्याच लहरी आभाळाला लागून परत खाली येतात, फार लांब पोचतात. फक्त तिथं आवाज वरखाली होतो. एक शब्द ठणठणीत, पुढचा गिळलेला.

मी म्हटलं, मी रेडिओबद्दल नाही विचारलं, फोनबद्दल विचारलं. पत्राबद्दल. काका उठून मनोऱ्याकडे गेले.

उद्या रविवार. साहेबांना न विचारता पहिली बस धरणार. बासरी वाजायला लागली की निघायचं. जिवावर उदार झाल्यासारखं का वाटतंय कुणास ठाऊक. आईनं लेकीला भेटायला जायचं, एवढंच तर आहे!

सोमवार, १८ फेब्रुवारी

आठवायलाही नको वाटतं. तरी सगळं लिहिते.

काल बस मिळाली. खिडकीजवळ बसले. ड्रायव्हरपाशी छोटा रेडिओ, त्यावर माझ्याच केंद्राची गाणी. घाट चढलो. वरच्या वळणावर गाणं विरलं, नुसती खरखर उरली. कंडक्टर आला. मी गावाचं नाव सांगायला तोंड उघडलं.

खरखर. माझ्या तोंडातून खरखर.

कंडक्टर माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्या जागेकडे बघून, इथं कुणी बसा रे, म्हणाला. एका माणसानं आपलं पोतं उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. भरलेलं पोतं. मला त्याचं वजन लागलं नाही. त्याच्या आरपार मला सीटचं फाटलेलं रेक्झिन दिसत होतं, माझ्या गुडघ्यांच्या जागी.

बस जरा थांबली तेव्हा दरवाजातून उडी मारली की पडले, माहीत नाही. खाली पावलांचा आवाज नाही, सावली नाही. उताराकडे धावत सुटले. वळण ओलांडलं आणि एकदम कानात माझीच किंकाळी आली. मी केव्हापासून ओरडत होते.

दिवेलागणीला स्टुलावर होते. ‘येते हं’ म्हणाले. साहेबांनी फक्त शाल खांद्यावर नीट केली.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

काकांना मनोऱ्याखाली गाठलं, हातापाया पडले. शेवटी बोलले, जमिनीकडे बघत.

इथला आवाज केंद्राचा असतो म्हणाले. ज्या बाईनं हवेवर ‘येते’ म्हटलं, तिला यावंच लागतं, आणि केंद्र जिथवर पोचतं तिथवरच ती असते. ती सुटते एकाच वाटेनं. दुसऱ्या कुणीतरी हवेवर ‘येते’ म्हणायला हवं. मी फोनवर म्हणाले, त्या संध्याकाळी केंद्र बंद झाल्यावरही आधीच्या ताईचा घसा शाबूत राहिला. अंगणात उभी राहून गात होती म्हणे वेड्यासारखी. मग मध्येच गाणं थांबवून रडायला लागली.

मी म्हटलं, मग यंत्र बंद करा, मनोरा पाडा. काका म्हणाले, एकदा दुरुस्तीला भर दुपारी बंद केलं होतं. स्टुलावर नुसती शाल राहिली होती. पुन्हा चालू केलं तेव्हा ताई होती, पण खूप वेळ थरथरत होती. ते पुन्हा करायला सांगू नका.

संध्याकाळी शेवटी ‘जाते’ म्हणायचं ठरवलं. जीभ टाळूला लावली, जा, जा, मनात घोकलं. हवेवर असल्याचा लाल दिवा लागला. तोंडातून आलं, येते हं.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

साहेब गोड गोड बोलतात. ताई, तुमच्या ओळखीत कुणी असेल तर बघा ना. हवेवर विचारू, कुणी येतं का. एक फोन, एक शब्द.

मी नाही म्हटलं. कुणाच्या तरी लेकीला या खड्ड्यात बसवून मी घरी जाऊन काय तोंड दाखवू?

पण खोटं कशाला लिहू. मला रात्रीच नसतात म्हणून बरं, नाहीतर रात्रभर हाच विचार केला असता. नावंसुद्धा आठवून झाली. बसस्थानकावरची ती भांडकुदळ तिकीटवाली. माझी थोरली जाऊ.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

‘निरोप’मध्ये फोन आला. भिंगरी.

हवेवर. सगळं गाव ऐकतंय.

म्हणाली, रेडिओताईंना निरोप आहे, माझ्या आईला सांगा, फोनवर नुसती खरखर येते, पत्रं कोरी येतात, मला तिची फार काळजी वाटते. मग आवाज फुटला. म्हणाली, आई, तू अडकलीयस का कुठं? मी तिकडे—

मी फोन आपटला. गाणं लावलं. गाणं संपायच्या आत पुढचं लावलं.

ती पुन्हा करणार. मी ओळखते तिला. एकदा घेतलं की सोडायची नाही.

काचेपलीकडे साहेब हसत होते.

शनिवार, २३ फेब्रुवारी, दुपार

ठरवलंय. आज ती करेल तेव्हा तिला बोलूच द्यायचं नाही. आधी मीच सांगणार. येऊ नकोस. दोनच शब्द. दिवेलागणीला माझा आवाज तिच्यापर्यंत पोचतो, तेवढा वेळ पुरे. आई हरवली म्हणून रडेल, पण घरी रडेल. तिच्या आवाजानं, तिच्या पायांवर.

आणि मी इथं. असू दे. रोज संध्याकाळी रेडिओ लावेल. तेवढं तरी.

देवा, तेवढं कर.

शनिवार, दिवेलागण

लिहितेय, गाणं चालू आहे, तेवढ्यात—

फोन आला. मी लगेच म्हणाले, स्पष्ट, घसा फाडून, येऊ नकोस.

पलीकडे तिनं नाक ओढलं. मग हसली. हसली गं ती, रडता रडता. म्हणाली, आवाज जातोय मध्ये मध्ये, पण ऐकलं, आई. तू ‘ये’ म्हणालीस.

पुढचं गिळलं. आभाळानं गिळलं, पुढचंच नेमकं—

मी ओरडले, नको नको नको. तिला काय पोचलं कुणास ठाऊक.

म्हणाली, सकाळच्या पहिल्या बसनं. आणि बघ हं, आज बरोबर म्हणते, तू शिकवलंस तसं. रागावू नकोस आता.

येते हं, म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा.

मीच शिकवलं होतं.

रविवार, २४ फेब्रुवारी, सकाळ

काल केंद्र बंद झालं आणि मी होते. अंगण होतं, गार वारा होता, मला भूक लागली. घसा मोकळा. उशीवर झोपले. झोपले! सकाळी खोलीत डोळे उघडले आणि आधी आनंद झाला. नुसता आनंद, शरीरभर. शरम वाटते, पण झाला.

मग आठवलं.

धावत स्टुडिओत. मायक्रोफोन ओढला, भिंगरी उतर, बसमधून उतर, घाटाच्या आत येऊ नकोस. काटा हलला नाही. मी ओरडतेय आणि काटा आडवा. घरी फोन लावला, वाजत राहिला. ती निघाली.

साहेब स्टूल पुसतायत.

काकांना म्हटलं, बंद करा सगळं. काका म्हणाले, आता ती हवेवर आहे. तिचं काय होईल, ता—

मला ताई म्हणता म्हणता थांबले.

रविवार, फाटकाशी

बॅग माझ्या हातात आहे. मी भरली नाही.

तिला बघताच ओरडायचं, जा, परत जा. तालीम करून बघितली. जा म्हणायला तोंड उघडते आणि पुढे दोन अक्षरं आपोआप येतात. इतके दिवस जो शब्द काढता येत नव्हता, तो आता सोडून दुसरं काही येतच नाही.

तळहात. त्या आधीच्या ताईच्या तळहातावर जाडं मीठ नव्हतं. तिनंही लिहून आणलं होतं, मला दाखवायला. हात धरले आणि मी—

बस दिसतेय. वळणावर.

तोंडाचा भरवसा नाही. हाताचा आहे. इथंच लिहिते, अख्ख्या पानावर, आणि वही तिच्यासमोर धरते. तिनंच दिलेली वही. वाचेल.

उतरली. लाल ओढणी. हात हलवतेय, वेडी, पळत येतेय.

जा

जा भिंगरी

परत जा

जा

जा

जाते ह—